बळीरामाचा ळ

दोष दिसला की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची मानगूट धरावी, ही जगाची सोपी रीत आहे. दोषाकडून त्याच्या कारणाकडे, त्या कारणाच्या कारणाकडे आणि तेथून आणखी मागे चालत जावे, ही अवघड रीत. पहिलीला धैर्य लागत नाही. दुसरीला धैर्याबरोबर विनयही लागतो, कारण मागे निघालेल्या माणसाला वाटेत स्वतःचीच चूक भेटण्याचा संभव असतो.

आपल्या नैयायिकांनी या मागे जाण्याला एक मर्यादा घातली होती. घटाचे कारण कुंभार. कुंभाराचा बाप नव्हे. बाप नसता तर कुंभार नसता हे खरे, पण म्हणून फुटक्या घटाचा जाब कोणी त्या बापाला विचारत नाही. त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणून त्यांनी सन्मानाने बाजूला बसवले. मडक्यापुरता हा न्याय निर्दोष आहे. परंतु यंत्रांच्या ज्या नव्या सृष्टीत आपण राहू लागलो आहोत, तिथे मडके फोडतो तो पुष्कळदा कुंभाराचा पणजोबाच, आणि मार खातो तो मडके वाहून नेणारा. ही उफराटी रीत ज्यांनी एका दुपारी सुलट करून दाखवली, त्या पांढरकवड्याच्या कहकशांबाईंची ही हकीकत.

त्यांचे वडील नजीर मिस्त्री जिनिंगमधली यंत्रे दुरुस्त करीत. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची सगळी रांग तेव्हा एकाच लांब दांड्यावर फिरे. मोटारीपासून दांडा, दांड्यापासून चाक, चाकापासून पट्टा, पट्ट्यापासून यंत्र. एखादे यंत्र खडखडू लागले की मुकादम त्यावर कापूस घालणाऱ्या बाईवर ओरडे. नजीर त्या यंत्राकडे पाहतही नसत. नजर पट्ट्यावर ठेवून ते भिंतीकडेने मागे मागे चालू लागत आणि चार यंत्रे ओलांडून कुठल्या तरी अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे काही वाजत नसे, तिथे थांबत. डबा घेऊन आलेल्या लेकीला ते एकदा म्हणाले होते, “आवाज जहां आती, बिगाड वहां नहीं रहता बेटी. पट्टे के पीछे जा.”

मुलगी पट्ट्यांच्या मागे गेली नाही, अक्षरांच्या मागे गेली. पुसदला मामाकडे राहून तिने मराठी टंकलेखन शिकून घेतले. घरची बोली उर्दू, गल्लीतली वऱ्हाडी, आणि कळफलकावर छापील मराठी. त्या मराठीतला ळ तिला विशेष भावला. मोठ्याने वाचताना ती तो इतका नेमका उच्चारी की आई, आयशाबी, हसून म्हणे, “तेरी जबान में ये मराठी की गांठ कहां से पड गई?” गाठ पडली ती आयुष्यभर सुटली नाही. पुढे त्यांनी पांढरकवड्यात टंकलेखनाचा वर्ग काढला. टाइपरायटर मोडीत निघाले तेव्हा संगणक आणला, आणि त्याच्या पोटात काय चालते तेही, कोणी शिकवण्याची वाट न पाहता, पुस्तके पुढ्यात ठेवून शिकून घेतले.

सन दोन हजार सतराच्या हंगामात त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि एका सहकारी संस्थेच्या कापूस खरेदी केंद्रावर कंत्राटी नोंदणीचे काम करीत होत्या. बोंडअळीचे ते वर्ष. शेतांतली निम्मी बोंडे किडकी निघाली होती आणि उरलेला कापूस घेऊन लोक केंद्रावर येत होते. आधी नाव नोंदवायचे, मग संगणक ते नाव जमिनीच्या अभिलेखांतल्या नावाशी अक्षरशः ताडून पाहणार, जुळले तर मापाची पाळी लागणार, अशी पद्धत होती. कहकशांबाईंची त्यात स्वतःची एक रीत होती. नाव टंकून झाले की त्या ते समोरच्या माणसाला फोडून वाचून दाखवीत.

“ब. ळ ला दुसरी वेलांटी. रा. म. बरोबर?”

“बरोबर असन बाई,” पलीकडचा धोतरवाला म्हणे, “पन मी तं बयीराम हावो.”

वऱ्हाडी जिभेवर ळ टिकत नाही, त्याचा य होतो; शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया. कहकशांबाई हसत. “तुमी बयीराम म्हना भाऊ, मी बळीराम लिहिते. दोघं मिळून एक मानूस पुरा होते.”

दिवाळीच्या सुटीत, ज्या कंपनीने ती संगणकप्रणाली बनवली होती तिने तिची नवी आवृत्ती केंद्रावर बसवली. पंधरवड्याने फलकावर यादी लागली. नाव न जुळल्यामुळे एकशे त्रेचाळीस शेतकऱ्यांची नोंदणी रद्द झाली होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात ट्रॉल्या उभ्याच राहिल्या. कार्तिकाचे आभाळ भरून आले होते, आणि उघड्या कापसावर ताडपत्र्या अपुऱ्या पडत होत्या. बळीराम आणि त्याची बायको विमलताई यांचा कापूस एकाच ट्रॉलीत होता. एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून दोन शेते, एक त्याच्या नावावर, एक तिच्या. तिची पाळी लागली होती, त्याची नव्हती.

“चाळीस वर्सं झाली लग्नाले,” विमलताई खिडकीशी येऊन म्हणाल्या, “आता तुमचा कंप्युटर म्हनते हा मानूसच नाई. मंग मी कोनाच्या नावानं कुंकू लावून राह्यली बाई?”

लोक हसले, पण हसण्याखाली कुरबुर होती. मागून एक आवाज आला, “लावनाऱ्यानं बरोबर लावले आपल्या लोकाइचे नंबर!” कोणाचे ‘आपले’ आणि कोणाचे परके, ते त्याने सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती. खिडकीच्या आत बसलेल्या बाईच्या नावाकडे एकदा पाहणे पुरेसे होते. इतकी वर्षे ज्या गावाची अक्षरे शुद्ध केली, त्या गावाने एका सकाळीत हा हिशेब मांडावा! कहकशांबाईंनी खिडकी मिटून घेतली नाही. त्या उठल्या आणि फलकाजवळ जाऊन यादी वाचू लागल्या.

तेवढ्यात संस्थेचे व्यवस्थापक रूपसिंग यांनी त्यांना आत बोलावले. कंपनीचा कपिल नावाचा तरुण अभियंता सकाळीच शहरातून येऊन बसला होता. टेबलावर एक टंकलेला कागद होता : ‘एकशे त्रेचाळीस नावांच्या नोंदणीत माझ्या हातून टंकनाच्या चुका झाल्या, हे मी मान्य करते.’ खाली सहीसाठी रेघ.

“तुमी सही केली का आजच्या आज नावं हातानं दुरुस्त करता येते,” रूपसिंग खाली पाहत म्हणाले. “नाई केली तं चौकशी. चौकशीले आठ दिवस. बाहेर आभाय पाहून राह्यल्या ना?”

केवढा सभ्य हा पेच! सही करावी तर अब्रू आणि काम जाणार. न करावी तर एकशे त्रेचाळीस घरांचा कापूस भिजणार, आणि तो भिजवल्याचे पापही त्यांच्याच माथी बसणार. पावसाचासुद्धा कोणी इतका निर्लज्ज उपयोग करू नये.

“मॅडम, मनाला लावून घेऊ नका,” कपिल समजुतीच्या सुरात म्हणाला. “यादी पाहा. ‘बळीराम’चं ‘बलीराम’, ‘काळे’चं ‘काले’. सगळीकडे तीच चूक. तुमच्या भागात ळ कोणाच्याच तोंडात नाही. आणि तुमच्या घरच्या भाषेत तर ते अक्षरच नाही. होतं असं.”

ज्या अक्षरावर कहकशांबाईंनी तीस वर्षे मुलांची बोटे बसवली, ते अक्षर तुझे नव्हेच, असे त्यांना एका पंचविशीतल्या मुलाने चहा पिता पिता सांगितले होते. पण संतापाच्या त्या क्षणीही त्यांच्यातला मिस्त्री जागा होता.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “इथला मानूस ‘बयीराम’ म्हनते. मी ऐकून चुकली असती तं ‘य’ टाकला असता. हा ‘ल’ कोठून आला?”

कपिलने यादी पुन्हा पुढ्यात ओढली.

“ही चूक इथली नाई. इथला मानूस अशी चूक करूच शकत नाई. मले चार वाजेपर्यंतचा वेळ द्या.”

“काय करणार आहात?”

“पट्ट्याच्या मांगं जाते.”

कपिलला ते कळले नाही. रूपसिंगांनी घड्याळ पाहिले, खिडकीतून आभाळ पाहिले, आणि मान हलवली.

आजची संगणकप्रणाली कोणी एकहाती लिहीत नाही. जगभरातल्या अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेले तयार भाग उचलायचे आणि आपले थोडे लिखाण घालून ते सांधायचे, असा तो व्यवहार असतो. त्या भागांना पॅकेज म्हणतात, आणि ती शोधून आणून जागच्या जागी बसवणारा जो कारभारी, तो पॅकेज मॅनेजर. प्रत्येक पॅकेज आणखी काही पॅकेजांच्या आधारावर उभे असते, तीही आणखी कोणाच्या. आधाराचा आधार, त्याचाही आधार. कारभारी हे सगळे निमूटपणे आणतो. आणताना मालकाला विचारत नाही.

पण विचारले तर सांगतो, हे कहकशांबाईंना ठाऊक होते. प्रणाली केंद्राच्याच संगणकावर बसवलेली होती. त्यांनी ती काळी खिडकी उघडली जिच्यात चित्रे नसतात, केवळ शब्दांनी आज्ञा द्यावी लागते, आणि कारभाऱ्याला पहिली आज्ञा केली : तू काय काय आणलेस त्याची वंशावळ मांड. पडद्यावर फांद्यांमागून फांद्या उतरू लागल्या. कंपनीने आपल्या कागदात नऊ पॅकेजे लिहिली होती. कारभाऱ्याने मोजून दाखवली सहाशे बारा.

“नवाले आवतन, आन् सहाशे बारा पंगतीले,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

टंकलेखनाच्या वर्गात जुनी फीत टाकून न देण्याची त्यांना सवय लागली होती. त्या सवयीने दिवाळीपूर्वीच्या प्रणालीची प्रतही त्यांनी पेनड्राइव्हवर राखून ठेवली होती. तिची वंशावळ मांडली, दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि कुठे कुठे आवृत्ती बदलली ते पेन्सिलीने टिपले. अडतीस जागा निघाल्या. मग प्रत्येकाची ओळख वाचणे आले. हे तारखा मांडते, हे रंग देते, हे छपाई करते. दोन वाजले. डबा तसाच राहिला. बाहेर ताडपत्र्यांची फडफड वाढली होती. तिसावे की एकतिसावे पॅकेज आले त्याची ओळख अशी होती : ‘देवनागरीत शोध सोपा व्हावा म्हणून अक्षरे एकसारखी करते.’

त्यांनी ते एकट्यालाच चालवून पाहिले. ‘विमल’ दिले, ‘विमल’ परत आले. ‘बळीराम’ दिले. ‘बलीराम’ परत आले. अभिलेखांतली नावे या वाटेने जात नव्हती, म्हणून तिकडचा ळ जागेवर राहिला होता आणि ताळा चुकत होता.

मग त्यांनी त्याची फाइल उघडली. ओळीच्या डाव्या बाजूला ळ होता, उजव्या बाजूला ल. मधे एक बाण.

एवढेच. ज्या ध्वनीला वैदिक ऋषींच्या मुखी स्थान होते, लौकिक संस्कृताने ज्याला दूर केले आणि मराठीने शतकानुशतके पोटाशी धरले, त्याचा निकाल एका बाणाने लागला होता. कोठल्या तरी दूरदेशीच्या एका माणसाने, बहुधा हिंदी शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी, तो बाण काढला असेल. त्याच्या मनात पाप नव्हते. त्याच्या मनात बळीरामही नव्हता.

चार वाजता कपिल पडद्यासमोर येऊन बसला. त्याने पॅकेजाचे नाव वाचले आणि त्याचा चेहरा खुलला.

“हे आम्ही वापरतच नाही. आमच्या यादीत पाहा, हे नावच नाही.”

“मंग हे काहून आलं ते त्यालेच विचारू.”

त्या कारभाऱ्यापाशी ‘व्हाय’ नावाची एक आज्ञा असते. अमुक पॅकेज इथे कशामुळे आले ते सांगणारी. कहकशांबाई तिला ‘काहून’ म्हणत. त्यांनी ती टंकली. उत्तर चार ओळींचे आले, आणि त्यांनी ते फलकावरच्या यादीसारखे मोठ्याने वाचले. “तुमची प्रणाली अर्जाचं पॅकेज मागते. अर्जाचं पॅकेज यादीत नावं शोधणारं पॅकेज मागते. शोधणारं पॅकेज हे अक्षरवालं मागते. अक्षरवालं दिवाळीत बदललं. हा पाहा पट्टा, हे पाहा चाक, आन् ही मोटार तुमची.”

कपिलने चारही ओळी पुन्हा वाचल्या. मग कपिल म्हणाला, “म्हणजे ही चूक थर्ड पार्टीची आहे. आमची नाही.”

एवढा वेळ खाली धरलेला आवाज कहकशांबाईंनी त्या दिवशी प्रथमच चढवला. “पंगत तुमची, वाढपी तुमचे! खीर नासली तं म्हशीवर खटला भरता का, साहेब? सकाळी चूक माही होती, माह्या तोंडाची, माह्या घरच्या भाषेची होती. तवा तुमाले थर्ड पार्टी नाई आठवली?”

रूपसिंग दारात उभे होते. ते पुढे आले आणि टेबलावरचा तो कागद उलटा करून ठेवला.

पुढचे काम वीस मिनिटांचे होते. कहकशांबाईंनी ते पॅकेज दिवाळीपूर्वीच्या आवृत्तीला बांधून टाकले आणि मूळ अर्जांवरून एकशे त्रेचाळीस नावे पुन्हा ताडली. एकशे एक्केचाळीस जुळली. उरलेल्या दोहोंपैकी एकात जमिनीच्या अभिलेखातच चूक होती. दुसऱ्यात ‘गणपत’चे ‘गनपत’ झाले होते; आणि त्याला कोणताही बाण जबाबदार नव्हता. ते बोट त्यांचे होते.

त्यांनी कागद सुलटा केला. ‘एकशे त्रेचाळीस नावांच्या’ हे शब्द खोडून वर ‘एका नावाच्या’ असे लिहिले, ‘चुका झाल्या’चे ‘चूक झाली’ केले, आणि रेघेवर सही केली.

“बाई, आता कायले?” रूपसिंग म्हणाले. “कोनी मागून नाई राह्यलं.”

“मांगं गेलं का जे सापडते ते घ्या लागते, भाऊ. पसंतीचं तेवढंच उचलता येत नाई.”

अंधार पडण्यापूर्वी बळीरामाची पाळी लागली. ट्रॉली काट्यावर चढताना विमलताई खिडकीशी पुन्हा आल्या. “सापडला का माहा नवरा?”

“सापडला ताई. ळ सकट.”

या हकीकतीचा शेवट इथे व्हावा, असे कोणाही भल्या माणसाला वाटेल. कंपनीचे पत्र आठवड्याने आले : ‘तांत्रिक अडचण दूर करण्यात आली आहे.’ कोणी दूर केली, कोणाला ती भोगावी लागली, कोणाच्या तोंडाचा उद्धार झाला, याबद्दल पत्रात अक्षर नव्हते. कर्मणी प्रयोगासारखा निवारा दुसरा नाही. त्यात कर्ता सुखाने लपतो. आणि हंगाम संपल्यावर कहकशांबाईंचे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘नोंदणीतील त्रुटी संबंधितांनी लेखी मान्य केली आहे.’ पुराव्याला तोच कागद जोडला होता. एका अक्षराची चूक एका माणसाने मान्य केली, म्हणून ते माणूस एकटेच दोषी ठरले. एकशे एक्केचाळीस चुका कोणीच मान्य केल्या नाहीत, म्हणून त्या झाल्याच नव्हत्या. ज्या समाजात कबुली हाच एकमेव गुन्हा उरतो, त्या समाजाने आपल्या न्यायाच्या तराजूवर कापूसच मोजावा. निदान तो तरी वजनाला खरा उतरेल.

रूपसिंग त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांनी वर दोन वेळा लिहिले होते, उपयोग झाला नव्हता. “तवा सही केली नसती तं,” ते म्हणाले.

“तं ती चूक अजून त्या यादीतच राह्यली असती,” कहकशांबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला.

वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी, आपल्याला येत होते तेवढ्या इंग्रजीत, त्या दूरच्या पॅकेजकर्त्याला एक पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती. ळ हे ल चे रूपांतर नसून स्वतंत्र अक्षर आहे. ‘वेळ’ म्हणजे काळ आणि ‘वेल’ म्हणजे लता. ‘बळीराम’ हे एका जिवंत माणसाचे नाव आहे, असे पाच ओळींत समजावले होते. अकरा दिवसांनी उत्तर आले. त्याने क्षमा मागितली होती आणि बाण पुसला होता. या साऱ्या प्रकरणात क्षमा मागणारा तो एकटाच, आणि त्याने मराठीचा शब्दही कधी ऐकलेला नव्हता.

चार वर्षांनी, फुप्फुसाच्या विकाराने, कहकशांबाई गेल्या. मयताला आलेल्यांत धोतरातला एक म्हातारा होता. लोकांनी नाव विचारले तेव्हा तो म्हणाला, “बयीराम. बाईंनं लिवलं तं बळीराम.” ळ त्याने सावकाश, जीभ वळवून, नीट उच्चारला.

टंकलेखनाचा वर्ग आता बंद आहे. त्या पॅकेजाची नवी आवृत्ती निघण्यापूर्वी ज्या शब्दांवर तिची चाचणी होते, त्यांत ‘बळीराम’ हा एक शब्द आहे. तो ळ सकट परत आला, तरच आवृत्ती पुढे जाते.